वयस्कर आईवडिलांना पुन्हा पुन्हा ताप आणि त्वचेचा संसर्ग: शोध कुठून सुरू करायचा?

मृण्मयी_प
वडील, वय ७८. मधुमेह जुना, रक्तदाबाची गोळी चालू. गेल्या वर्षभरात पुन्हा पुन्हा एकच प्रकार होतोय. अचानक हुडहुडी भरते, ताप १०२-१०३ पर्यंत चढतो, अंगात त्राण उरत नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या नडगीवर लालभडक चट्टा, पाय गरम, जांघेत अवधाण. प्रतिजैविकांचा कोर्स झाला की निवळतं. घोट्याची सूज मात्र पूर्ण उतरत नाही आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच.

उपचार डॉक्टरांचे व्यवस्थित चालू आहेत. पण दर वेळी इलाज त्या तापाचा होतो, हे परत परत का होतंय याचा शोध राहूनच जातो. सुरुवात कुठून करावी? कोणत्या तपासण्यांतून खरोखर काही हाती लागतं? दोन आजारांच्या मधल्या काळात घरी काय करायचं? पुढच्या भेटीत नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून हा धागा.

अनिरुद्ध_वै
हुडहुडी आधी आणि लाली नंतर, हा सेल्युलायटिसचा नेहमीचा क्रम. म्हणजे त्वचेखालच्या थरातला जंतुसंसर्ग, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस या जंतूचा, काही वेळा स्टॅफिलोकोकसचा (थोडक्यात स्टॅफ). पहिले काही तास पायावर काहीच दिसत नाही, त्यामुळे 'व्हायरल' म्हणून वेळ जातो. ज्यांना एकदा होऊन गेलाय त्यांना थंडी वाजली की आधी चादर बाजूला करून दोन्ही पाय उजेडात बघायचे.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर वेळी *उजवाच* पाय. प्रतिकारशक्ती एकूणच खालावली असेल तर आज पाय, उद्या छाती, परवा लघवी असं होतं. एकाच जागी परत परत होतंय, तर कारण त्याच पायात शोधायचं. तिथे जंतू शिरायची वाट आहे किंवा सूज आहे. बहुतेक वेळा दोन्ही असतात.

आजच करण्यासारखं काम: मोबाइलचा टॉर्च लावून पायाच्या प्रत्येक बोटाची बेचकी उघडून बघा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटातली आधी, कारण ती बोटं चिकटलेली असतात आणि ओल तिथेच राहते. पांढरी, फुगलेली, सोललेली त्वचा दिसली तर त्या चिखल्या. 'मला काही खाजत नाही' यावर विसंबू नका. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते.

तळपाय
+१. टाचेच्या भेगा, बोटात रुतणारं नख, कुरूप, चपलेच्या पट्ट्याखाली खरचटलेलं, हेही बघा. वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरा.

साळुंकी
चिखल्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण नुसतं मलम लावून त्या परत येतात.

पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायला वेगळं सुती फडकं ठेवा, ते रोज धुवा. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. मग बुरशीविरोधी मलम: टर्बिनाफिन १% असेल तर साधारण आठवडाभर, क्लोट्रिमॅझोल असेल तर दिवसातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत. चूक होते ती इथे: चार दिवसांत त्वचा बरी दिसते, लोक थांबवतात, आणि बुरशी तिथेच असते. मलमाचा थर पातळ हवा. जाड थराने बेचकी ओलीच राहते. बोटं फारच चिकटलेली असतील तर मधे कोरड्या गॉजची पट्टी किंवा लोकरीचा पुंजका ठेवा आणि रोज बदला.

मोजे रोज धुतलेले. बूट एक दिवसाआड, म्हणजे दोन जोड आलटूनपालटून, आतून पूर्ण वाळतील असे. नखं जाड, पिवळी, भुगा पडणारी असतील तर बुरशीचा साठा नखात आहे. तो तसाच ठेवून बेचक्या कितीदा बऱ्या केल्या तरी उपयोग नाही. नखांसाठी पोटातली गोळी लागू शकते. त्याआधी नखाचा तुकडा तपासणीला पाठवणं आणि यकृताची तपासणी करणं योग्य.

रा_भा
अनिरुद्ध यांचा मुद्दा मान्य, पण शोध पायापाशीच थांबवू नये. ७८ व्या वर्षी वारंवार ताप म्हटल्यावर काही गोष्टी एकदा तरी तपासून बाजूला ठेवायलाच हव्यात.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, 'डिफरेन्शियल'सह, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसह (त्यातल्या लिम्फोसाइट सतत वाढलेल्या असतील तर रक्ताच्या संथ कर्करोगाचा विचार होतो), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृत, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन). एकूण प्रथिनं आणि अल्ब्युमिन यातली तफावत विचित्र असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी) आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं. मायलोमात (अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात) 'चांगली' प्रतिपिंडं कमी पडतात आणि संसर्ग वाढतात. ताप आहे पण त्वचेवर काहीच नाही, असा एखादा प्रसंग मधे झाला असेल तर छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, आणि हृदयाच्या झडपेचा आजार किंवा कृत्रिम झडप असेल तर एको (हृदयाची सोनोग्राफी) सुद्धा. ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) खूप चढलेला, सोबत नवी डोकेदुखी किंवा चावताना जबडा दुखणं असेल तर कानशिलाच्या धमनीचा दाह डोक्यात ठेवा. त्यात नजर जाऊ शकते, त्यामुळे थांबून चालत नाही.

सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट: ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) प्रतिजैविक सुरू करण्याआधी, दोन वेगवेगळ्या जागांहून. हाताशी उरलेल्या जुन्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या देऊन मग दवाखान्यात नेलं, तर कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि पुढचे सगळे अंदाजच.

कल्याणी_द
जुन्या स्ट्रिपबद्दल शंभर टक्के सहमत.

एक पुरवणी. ताप आला की लघवीचं कल्चर सगळीकडे करतात आणि म्हातारपणी त्यात बऱ्याचदा जंतू सापडतात, विशेषतः आयांच्या बाबतीत. जळजळ नाही, वारंवारता वाढलेली नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर प्रतिजैविक घेऊ नये. खरं कारण मागे पडतं आणि पुढच्या वेळी लागणारं औषध निकामी व्हायला मदत होते.

मृण्मयी_प
सर्वांचे आभार. टॉर्च लावून बघितलं: उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बेचक्या पांढऱ्या आणि ओलसर आहेत, डाव्या कोरड्या. घोट्यापाशी अंगठा दाबला की खळगा राहतो, उजवीकडे जास्त, डावीकडे थोडा. रक्तदाबाची गोळी अॅम्लोडिपिन. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन अलीकडे वाढवली आहे. याचा काही संबंध?

औषधपेटी
दोन्हींचा संबंध असू शकतो. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात. डोस जास्त असेल तर अधिक. ती सूज सहसा दोन्हीकडे येते, पण एका पायाच्या लसिकावाहिन्या (पेशींभोवतालचं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या) आधीच्या संसर्गांनी दुखावलेल्या असतील तर त्या पायात जास्त साठते. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज नीट उतरत नाही. पर्यायी औषध चालेल का, हे विचारायचं. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन आणि पायोग्लिटाझोननेही पाय सुजतात, यादीत असतील तर सांगा.

डापाग्लिफ्लोझिनने लघवीतून साखर जाते, त्यामुळे जांघेत आणि गुप्तांगाजवळ बुरशी वाढते. तिथली त्वचा रोज कोरडी ठेवायची आणि बघायची. क्वचित त्या भागात फार वेगाने पसरणारा गंभीर संसर्ग होतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. गुप्तांग ते गुदद्वार या भागात दुखणं, सूज, लाली आणि ताप असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. शिवाय ताप येऊन खाणंपिणं कमी झालं की ही गोळी आणि मेटफॉर्मिन तेवढ्यापुरती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा. साखर फार वाढलेली नसतानाही डापाग्लिफ्लोझिनमुळे रक्तात किटोन (घातक ठरू शकणारी आम्लं) साठू शकतात.

प्रतिजैविक लिहून घेताना बाकीच्या गोळ्यांची यादी दाखवणं सक्तीचं समजा. वॉरफरिन चालू असेल तर बऱ्याच प्रतिजैविकांनी रक्त जास्त पातळ होतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक धोक्याचं. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसोबत तेच दिलं तर पोटॅशियम चढतं.

अनिरुद्ध_वै
मृण्मयीताई, चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. बेचकीतून जंतू शिरतात, सुजलेल्या पायात लसिकेचा प्रवाह मंद असल्याने टिकतात. प्रत्येक संसर्ग लसिकावाहिन्या आणखी खराब करतो, सूज वाढते, पुढचा संसर्ग सोपा होतो. म्हणून चिखल्यांइतकंच सुजेकडे लक्ष हवं.

सुजेवर सगळ्यात परिणामकारक म्हणजे दाब देणारे मोजे किंवा पट्ट्या. पायाची जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस असलेल्या ८४ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दाबाचे उपचार घेणाऱ्यांत पुन्हा संसर्ग १५ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ४० टक्क्यांना. फरक एवढा दिसला की चाचणी आधीच थांबवली.

निशिगंध
पण मधुमेही माणसाला थेट घट्ट मोजे घालायला सांगू नका! पायाच्या धमन्या अरुंद असतील तर दाबाने बोटं काळी पडू शकतात. आधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, म्हणजे एबीआय, काढून घ्या. ०.८ ते १.३ असेल तर सहसा पूर्ण दाब चालतो. ०.५ च्या खाली अजिबात नाही. मधल्या आकड्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हलका दाब. १.३ च्या वर गेला तर 'उत्तम' समजू नका: मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा खोटा चढतो, तेव्हा अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

अनिरुद्ध_वै
निशिगंध, बरोबर. हा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. एबीआयशिवाय मोजे नकोत.

पांथस्थ
शिफारस ठीक, पण ७८ वर्षांच्या माणसाला ते मोजे चढवता येत नाहीत. कपाटात पडून राहतात. हे बहुतेक घरांत होतं.

साळुंकी
पांथस्थ, चढवायची रीत आहे. सकाळी *अंथरुणातून उठण्याआधी*, सूज कमीत कमी असताना. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल आत घालून टाच बरोबर टाचेच्या जागी बसवायची, मग वरचा भाग टप्प्याटप्प्याने उलगडायचा. रबरी हातमोजे घातले की पकड येते. पाय मलमाने तुळतुळीत असेल तर मोजा सरकत नाही, म्हणून मलम रात्री. वरची कड दुमडायची नाही. दुमडली की तिथे दुप्पट दाब पडतो आणि पाय खाली सुजतो.

माप सूज उतरलेल्या अवस्थेत घ्यायचं, घोटा आणि पोटरीचा घेर, दोन्ही पायांचं वेगळं. तेही जमत नसेल तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचे दाब-आवरण मिळतात, ते बसून स्वतः लावता येतात. संसर्ग ऐन भरात असताना काढून ठेवायचे आणि दुखणं सोसेल इतकं कमी झालं की पुन्हा सुरू करायचे.

रा_भा
आणि दोन्ही पाय एकाच वेळी लाल असतील तर घाईने सेल्युलायटिस म्हणू नका. पायातल्या शिरांच्या (रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या) दोषामुळे होणारा इसब तसाच दिसतो: दोन्हीकडे, खाज, खवले, तपकिरी डाग, ताप नाही. त्याला प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स दिले जातात आणि 'औषध लागू पडत नाही' म्हटलं जातं.

ऋजुता_म
प्रश्न: वर्षात इतक्या वेळा होतंय तर पेनिसिलिन कायमचं चालू ठेवतात ना?

कल्याणी_द
ठेवतात, पण सूज आणि बेचक्या यांचं काम करूनही थांबत नसेल तर. पाय तसाच सोडून कायमची गोळी, हे मला पटत नाही.

अनिरुद्ध_वै
थोडा मतभेद. वर्षात तीन-चार वेळा होत असेल तर बाकीचं काम चालू असतानाच विचार करायला हरकत नाही, कारण प्रत्येक वेळी पायाचं आणखी नुकसान होतंय. २०१३ च्या एका मोठ्या चाचणीत २७४ जणांपैकी निम्म्यांना पेनिसिलिन २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा, वर्षभर दिलं. त्या काळात पुन्हा संसर्ग २२ टक्क्यांना, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. गोळी थांबवल्यावर फायदा ओसरला. ज्यांचा पाय सुजलेला होता, ज्यांचं वजन जास्त होतं, ज्यांना आधी तीन किंवा अधिक वेळा झालं होतं, त्यांना फायदा कमी. म्हणजे कल्याणीताईंचा मुद्दा एका अर्थी त्याच चाचणीत आहे.

औषधपेटी
कागदावर 'पेनिसिलिनची अॅलर्जी' लिहिलेलं असेल तर ते तपासून घ्या. तपासणी केल्यावर अशा दहांतल्या साधारण नऊ जणांना खरी अॅलर्जी नसते. त्या एका ओळीपायी वर्षानुवर्षं दुय्यम औषधं दिली जातात.

तळपाय
जरा विषयांतर, पण ताप मोजण्याचं बोलू. म्हातारपणी मूळ तापमानच कमी असतं, त्यामुळे '१०० नाही म्हणजे ताप नाही' हे चालत नाही. तोंडातलं तापमान एकदा १०० फॅरनहाइटच्या वर, किंवा पुन्हा पुन्हा ९९ च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २ अंश जास्त: यातलं काहीही ताप समजावं. म्हणून बरं असताना काही दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून नेहमीचा आकडा लिहून ठेवा. गरम किंवा गार काही प्यायल्यावर अर्धा तास थांबा. काखेत आकडा साधारण १ अंशाने कमी येतो. पॅरासिटामॉल *देण्याआधी* मोजा, वेळेसकट लिहा.

गंभीर संसर्ग असूनही अजिबात ताप न येणारे वृद्ध बरेच असतात. अचानक असंबद्ध बोलणं, पडणं, जेवणावरून मन उडणं, दिवसभर गुंगीत राहणं, हीच त्यांची लक्षणं.

निशिगंध
थांबायचं नाही अशी लक्षणं एकत्र लिहिते. त्वचेवर दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त वेदना. जांभळा-काळा रंग, फोड, दाबल्यावर करकर, किंवा दुखणारी जागा अचानक बधिर होणं. श्वास मिनिटाला २२ च्या वर, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, लघवी जवळजवळ बंद, नवा गोंधळ. यातलं एकही असेल तर रात्री दोन वाजताही निघायचं.

हे नसेल तर लालीच्या कडेला पेनने रेघ आखा, तारीख-वेळ घाला. औषध सुरू झाल्यावर पहिले २४ ते ४८ तास लाली रेघेबाहेर थोडी जाऊ शकते, तेवढ्यावरून औषध बदलायची घाई नको. ताप आणि दुखणं कमी होतंय का ते बघा. ४८ तासांनंतरही पसरत असेल तर परत दाखवा. पाय उशांवर, हृदयाच्या पातळीच्या वर. आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत: या वयात मूत्रपिंडाला भार, शिवाय वेदना झाकली जाते.

ऋजुता_म
आईला पायावर नाही, काखेत आणि मांडीवर गळवं येतात, दर वेळी जागा वेगळी. तिलाही हेच लागू?

कल्याणी_द
नाही ऋजुता, ते वेगळं. पू असलेली गळवं म्हणजे बहुधा स्टॅफ, आणि तो नाकात ठाण मांडून बसलेला असतो. पुढच्या गळवातला पू कल्चरला द्या, एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफ) आहे का कळेल. मोठ्या गळवाला चीर देऊन पू काढणं हाच मुख्य उपचार. घरी पिळायचं नाही.

मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतूंचा साठा कमी करायचा: म्युपिरोसिन २% मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, ५ दिवस. त्याच दिवसांत क्लोरहेक्सिडिन ४% ने अंघोळ, डोळे आणि कान वगळून. टॉवेल, आतले कपडे, उशांचे अभ्रे रोज बदलून गरम पाण्यात. वस्तरा आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरात आणखी कुणाला गळवं येत असतील तर त्यांचंही त्याच आठवड्यात, नाहीतर साठा परत फिरतो. साखर एकदा तपासाच. वारंवार गळवांवरून मधुमेह पहिल्यांदा सापडणं नवीन नाही.

पांथस्थ
अंथरुणाला खिळलेल्यांसाठीही कुणी लिहा.

साळुंकी
पांथस्थ, थोडक्यात. माकडहाड, टाचा, खुबे आणि खांद्याची पाती रोज उजेडात बघा. लाल जागा दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर बेडसोरची सुरुवात आहे, तिथे मालिश करायचं नाही. साधारण दर दोन तासांनी कूस, पूर्ण कुशीवर न वळवता ३० अंशांचा कल. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहील. मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका, कडेने रक्तपुरवठा दाबला जातो.

स्तनांखाली, जांघेत लाल ओली त्वचा आणि भोवती बारीक पुळ्या असतील तर कँडिडा बुरशी: कोरडं ठेवणं आणि बुरशीविरोधी मलम. रात्री खाज आणि घरातल्या इतरांनाही खाज असेल तर खरूज समजा. पर्मेथ्रिन ५% मानेपासून तळपायापर्यंत, वृद्धांना चेहरा आणि डोक्यालाही (डोळे-तोंड वगळून), नखांखाली न विसरता, ८ ते १४ तास. आठवड्याने पुन्हा. घरातले सगळे एकाच दिवशी. खाजवलेल्या जागी जंतू शिरून ताप येतो आणि खरूज कुणाच्या लक्षातच येत नाही.

औषधपेटी
आणि 'खाज-बुरशी-जंतू सगळ्यावर एकच' अशी स्टिरॉइड मिसळलेली मलमं कुठल्याही जागी लावू नका. लाली दोन दिवसांत दबते, बुरशी आतून पसरते आणि म्हाताऱ्या माणसाची आधीच कागदासारखी झालेली त्वचा आणखी फाटते.

मृण्मयी_प
खूप मिळालं. पुढच्या भेटीसाठी यादी केली: बेचक्या आणि नखं दाखवणं, अॅम्लोडिपिनला पर्याय, ताप असताना डापाग्लिफ्लोझिनचं काय, एबीआय, मग मोजे, पेनिसिलिनची चर्चा, रक्ताच्या तपासण्या. काही राहिलं?

तळपाय
कोरडी त्वचा. अंघोळ कोमट पाण्याने, उग्र साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर, अंग टिपून ओलसर असतानाच मलम, वरून खाली, केसांच्या दिशेने. पायांना आणि टाचांना युरिया १०% असलेलं चालतं, बेचक्यांत मात्र नाही. लावल्यावर लगेच चालू देऊ नका, पाय घसरतो. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत मुरलं की ते कपडे पटकन पेट घेतात, आगीपासून लांब.

रा_भा
संवेदनेची तपासणी घाला यादीत. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायचा नायलॉनचा तंतू) दोन मिनिटांत होते. आणि मागच्या प्रत्येक वेळच्या प्रतिजैविकाचं नाव, डोस, किती दिवस, किती दिवसांत ताप उतरला, हे एका पानावर.

निशिगंध
पायाचे फोटोही न्या. आजार भरात असतानाचे आणि बरं असतानाचे, दोन्ही पाय एकाच फोटोत, गुडघ्यापासून बोटांपर्यंत, खिडकीच्या उजेडात. भेटीच्या दिवशी लाली उतरलेली असते आणि फोटोशिवाय डॉक्टरांना फक्त सुजलेला घोटा दिसतो.